टेबलावरची सकाळ

विलासदादा,

परवा, तू गेल्यानंतरच्या जलदान विधीला, माझं कौतुक झालं. वंदना झाली, भंतेजी दोन शब्द बोलले, आणि मग मनमाडहून आलेले तुझे मेहुणे, सुधाकरमामा, माइक घेऊन उभे राहिले. आयुष्य रेल्वेत गेलेला माणूस, त्यांच्या आवाजाला माइकची गरजच नव्हती. "दाजी अंथरुणाला खिळले, पन या शुभांगीताईंनी दुकान एक दिवस बंद पडू दिलं नाय. सख्ख्या भावासाठी कोनी इतकं करत नाय," असं म्हणाले आणि माझ्याकडे हात केला. मांडवातली सगळी माणसं वळून बघायला लागली. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. पांढऱ्या साडीतली एक म्हातारी शेजारून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तो हात झटकून टाकावा असं मला वाटत होतं.

मागच्या रांगेत आपले सातपूरचे दोन गॅरेजवाले होते. त्यांना खरं ठाऊक होतं. मी तिरक्या नजरेने पाहिलं, तर तेही खाली बघत होते. झाकली मूठ त्यांनी माझ्यासाठी झाकलेलीच ठेवली. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि काय बोलले माहीत आहे? "दादांनी मला खूप शिकवलं." एवढंच बोलले आणि बसले. एरवी माझं तोंड किती चालतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

तेव्हा बोलले नाही ते आता सांगते. आपलं दुकान बंद आहे, दादा. तू पडलास त्यानंतर जेमतेम दोन महिने मी ते चालवलं. सुरुवातीला गॅरेजवाले यायचे, तुझी चौकशी करायचे, चहा प्यायचे आणि दुरुस्तीला आणलेली पिशवी न उघडताच परत न्यायचे. त्यांना तुझा आवाज हवा होता, तुझ्या शिव्या हव्या होत्या. मी म्हणजे 'त्या टेबलवाल्या ताई'. शेवटी मी गाळा सोडला आणि एका कंपनीच्या चाचणी विभागात नोकरी धरली. गळ्यात ओळखपत्र, वेळेवर जेवण, बसायला फिरती खुर्ची. तुला त्या खुर्चीवर हसताना मी कितीदा तरी मनात पाहिलंय.

टेबल मात्र मी विकलं नाही. टेम्पोत घालून घरी आणलं आणि गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, चादर टाकून ठेवलं.

आपलं काम कोणाला सांगायचं झालं की तू फार रंगवून सांगायचास. "गाडीचा मेंदू काढून आणतो आणि त्याला गंडवतो आम्ही," असं मोठ्याने म्हणायचास आणि समोरच्याचं तोंड बघत बसायचास. त्यात खोटं काही नव्हतं म्हणा. गाडीतला कॉम्प्युटर काढून टेबलावर ठेवायचा आणि वायरींमधून त्याला सांगायचं, इंजिन फिरतंय, पाणी तापलंय, ड्रायव्हरने पाय दाबलाय. त्यातलं काहीच झालेलं नसतं. त्याला मात्र वाटतं आपण गाडीतच आहोत, आणि तो बिचारा इमानाने कामाला लागतो. लाकडी पट्टीवर बसवलेले, डिझेल फवारणारे चार इंजेक्टर टकटकटक बोलायला लागतात. डिझेल नाही, चाकं नाहीत, रस्ता नाही. मी ते टेबल स्वतःच्या हाताने बांधलं होतं, एकेक वायर सोल्डरचा डाग देऊन. आणि तू बाहेर सगळ्यांना 'माझं टेबल' म्हणून सांगायचास. पहिली दोन वर्षं मी तुला अहो-जाहो करायचे. याच गोष्टीवरून भांडण झालं तेव्हा रागाच्या भरात "तुझं टेबल? तू एक स्क्रू तरी पिळलास का?" असं तोंडातून गेलं. तू हसून म्हणालास, "चला, 'तू' तर निघालं तोंडातून." तेव्हापासून तूच राहिलास.

तू काही फार मोठा जाणकार नव्हतास, हे आज तू नसतानाही म्हणणार. एक चांगला कॉम्प्युटर तू प्लस-मायनस उलटं लावून जाळलास आणि वर्तमानपत्रात गुंडाळून खालच्या खणात दडवलास. मला वासावरून कळलं. तू म्हणालास, उंदीर मेला असेल. तो उंदीर मी बरीच वर्षं तुला ऐकवला.

पण वणीच्या जीपचं तुझंच खरं होतं. त्याचा मान तुला द्यायला मी कायम का-कू केली, म्हणून इथे पुरतं सांगते. गडावर भाविक नेणारी ती जीप सकाळी चालू होत नसे. तिचा कॉम्प्युटर आपल्याकडे आला, मी टेबलावर लावला, सगळं पास. परत पाठवला. तो पुन्हा आला. मी पुन्हा पास केला. मग जीपवालाच आला, टोपी हातात घेऊन.

"ताई, तुमचं टेबल पास म्हनतंय, पन गाडी सकाळी उठतच नाय. भाविक आत बसून असत्यात आन् मी धक्का मारतोय. एकदा का तापली का लय गुनाची हाय."

"मग बॅटरी बघा तुमची. माझ्या टेबलावर काही दोष नाही," मी म्हणाले. आवाज चढवूनच म्हणाले असणार.

तू त्याच्याबरोबर वणीला गेलास, मुक्काम केलास, आणि सकाळी सकाळी मला फोन केलास. मी कणीक मळत होते.

"शुभे, तुझ्या टेबलावर पाणी किती तापलेलं असतं गं?"

"ऐंशी."

"कायम?"

"कायम. का?"

"म्हणजे तुझी गाडी कधी झोपून उठतच नाही. कायम दुपारच दुपार."

कणकेचा हात तसाच राहिला माझा. तापमानाचा नॉब मी पहिल्या दिवशी गरमवर लावला होता आणि पुन्हा कधी त्याला हात लावला नव्हता. गरम इंजिनावर सगळं कसं सुरळीत चालतं, तपासणी भराभर उरकते. थंड इंजिनाला आधी हीटर लागतो. तो चालू करणारा रिले, म्हणजे विजेवर ओढला जाणारा छोटा स्विच, कॉम्प्युटरने ओढायचा असतो, आणि त्या जीपच्या कॉम्प्युटरचा नेमका तेवढाच भाग मेला होता. मी त्याला थंडी दाखवलीच नव्हती, तर तो सांगणार कसा? टेबल बांधणारी मी, सेन्सर शिकलेली मी, आणि ही चूक टेबलावर काम करणाऱ्याच माणसाच्या हातून व्हायची होती. गाडीखाली लोळणाऱ्या कोणाच्याही हातून ती झाली नसती, कारण त्याची गाडी रोज थंड होते.

मी टेबलावर हीटरचा रिले बसवला. तेव्हापासून आपल्या दुकानात शिरस्ता पडला. कॉम्प्युटर कोणाचाही असो, गाडी कुठलीही असो, पहिल्यांदा नॉब थंडीकडे न्यायचा, स्विच द्यायचा, आणि रिलेचा टक्क आवाज कानाने ऐकायचा. मगच पुढचं. तू दारातून आत येतानाच ओरडायचास, "सकाळ कर!" मी नॉब फिरवायचे. टक्क. "झाली," म्हणायचे. दुकानात चहा प्यायला आलेल्या माणसाला वाटायचं, या दोघांचं डोकं फिरलंय.

आपलं खरं भांडण मात्र मिटलं नाही. मी म्हणायचे, अजून नॉब लावू, खऱ्या गाड्यांचे सिग्नल टिपून घेऊन तेच टेबलावर सोडू, मग गाडीची गरजच उरणार नाही. तू म्हणायचास, "कितीही लाव, टेबल ते टेबल. खऱ्या गाडीत काहीतरी हलतं, काहीतरी ओलं होतं, उंदीर वायर खातो. तुझ्या टेबलावर सगळं शहाण्यासारखं." मी म्हणायचे, "मग जा, लोळ गाड्यांखाली." हे आपण इतक्या वेळा बोललो की दोघांनाही पाठ झालं होतं. त्या दिवशी दुपारीही हेच चाललं होतं. बोलता बोलता तुझ्या हातातून चहाचा कप सुटला आणि टेबलावर सांडला. मी खेकसले, "नीट धर की, वायरी भिजतील!" तू माझ्याकडे बघून हसायला गेलास आणि तुझं तोंड एकाच बाजूने हसलं.

आधी वायरी पुसल्या की आधी तुला धरलं, हे मी आठवायचं टाळते.

लकव्याने तुझी उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, कान मात्र शाबूत राहिले. डॉक्टर म्हणाले, मन उभारीत ठेवा. ते मला कोणी सांगायला नको होतं. दुकान बंद केलं हे तुला सांगणं म्हणजे तुझी उरलेली बाजूही मारून टाकणं, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला तुझं तोंड बघायचं नव्हतं. समोर आले असते तर तोंडावर दिसलं असतं, म्हणून मी फोनवरच राहिले. रोज कामावरून घरी आले की गॅलरीतली चादर काढायची, टेबल चालू करायचं आणि फोन लावायचा. मंगलवहिनी फोन तुझ्या कानाशी धरायच्या.

पहिल्याच दिवशी तू विचारलंस, "दुकानातून?"

"मग काय. ऐक ना."

मी फोन इंजेक्टरांजवळ धरला. टकटकटक. तुझा श्वास ऐकू येत होता. मग तू म्हणालास, "प्रेस?"

शेजारच्या गाळ्यातला पॉवर प्रेस! दिवसभर धप्प धप्प चालायचा, आपल्याला त्याची इतकी सवय की तो थांबला तरच मान वर व्हायची. चोराच्या मनात चांदणं. मी पटकन म्हणाले, "बंद आहे रे, ऑर्डर नाहीत बिचाऱ्याला." त्या बिचाऱ्याचा धंदा मी असा पुढचे कितीतरी महिने बंद ठेवला. आमच्या कुकरची शिट्टी झाली तेव्हा म्हणाले, दुकानातच खिचडी लावलीय.

मग तू म्हणालास, "सकाळ कर." तीन अक्षरं आणि दोन अक्षरं, पण तुला ती जुळवायला केवढा वेळ लागला. मी नॉब फिरवला. "झाली दादा."

तू थोडा थांबून म्हणालास, "बरं."

त्यानंतर मी तुला गाड्या पुरवल्या. मालेगावची पिकअप, येवल्याची टॅक्सी, वणीच्या जीपवाल्याची नवी जीप. बिघाड मी बनवायचे, तू पडल्या पडल्या उपाय सुचवायचास, आणि दुसऱ्या दिवशी मी सांगायचे, तू म्हणालास तेच निघालं, पास झाली. प्रत्येक गाडी पास. आपल्या दुकानाच्या इतिहासात असं कधी घडलं होतं का? एकही माणूस शिव्या देत परत आला नाही, एकही पार्सल चुकलं नाही. मी तुला कायम दुपारच दाखवत राहिले, दादा. एकदा चूक करून, तुझ्याकडून ऐकून घेऊन, पुन्हा तेच केलं, आणि या वेळी माणसाशी केलं.

आणि पुढे तर तेवढंही जड झालं. कंपनीतून दमून यायचे, चादर काढायचा कंटाळा यायचा. मग मी एका दिवशी इंजेक्टरांचा आवाज फोनमध्ये भरून ठेवला. तुला फोन लावायचा आणि आमच्या घरातला दुसरा फोन शेजारी वाजत ठेवायचा. मी भाजी निवडत असायचे. तू म्हणायचास, "सकाळ कर." मी गवारीच्या शेंगा मोडत म्हणायचे, "केली." शेवटच्या वेळीही असंच झालं. तू त्या दिवशी दोनदा म्हणालास. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी जरा वैतागूनच म्हणाले, "अरे केली ना!"

तू "बरं" म्हणालास. त्यानंतर आपण बोललो नाही.

परवा विधी आटोपल्यावर मी मंगलवहिनींना गाठलं. त्या स्वयंपाकघरात पातेली एकात एक घालत होत्या. मी म्हणाले, "वहिनी, सुधाकरमामा बोलले ते खरं नाही. दुकान..."

"बंद आहे," त्या म्हणाल्या. "माहितीये मला. ह्यांनीच सांगितलं."

"कधी?"

"तुमचा पहिला फोन आला ना, त्याच संध्याकाळी. म्हणाले, शुभीने दुकान बंद केलं. मी म्हटलं, अहो, आत्ता तर दुकानातून बोलल्या. तर नुसते हसले. कसं कळलं ते काही सांगेनात."

मी विचारलं, "मग रोज फोनवर का बोलायचे?"

"मीही तेच म्हटलं एकदा. सांगून टाका त्यांना, उगाच रोजचा खटाटोप त्यांच्या मागे. तर म्हणाले, तिला सांगू दे. मी रोज विचारतोय की." वहिनींनी पातेलं खाली ठेवलं. रागाने नाही ठेवलं, पण माझ्याकडे बघितलंही नाही. "सहा वाजले की फोनकडे तोंड करून दे म्हणायचे. कुशीवर वळवायला लागायचं मला."

घरी येताना रिक्षात मी एवढाच विचार करत होते की तुला कळलं कशावरून. प्रेसवरून? कुकरवरून? मी स्वतःला सांगत होते, प्रेसवरूनच असेल. म्हणजे दोष शेजाऱ्याचा.

आज सकाळी गॅलरीत गेले, चादर काढली. कॉम्प्युटर लावला, नॉब थंडीकडे नेला, स्विच दिला आणि, किती दिवसांनी कोण जाणे, फोनकडे नाही तर टेबलाकडे कान दिला. इंजेक्टर टकटकायला लागले. त्याआधी काहीच वाजलं नाही. मी बंद करून पुन्हा केलं. नाही वाजलं. वाकून खाली बघितलं तर रिलेची वायर निघून लोंबत होती. तिच्या टोकावर धूळ बसली होती. टेम्पोतून टेबल उतरवताना हिसका बसला असणार, म्हणजे अगदी पहिल्या दिवसाच्याही आधी.

पहिल्या दिवशी मी नॉब खरंच फिरवला होता, दादा. तेवढं तरी खरं होतं, असं मी मनाशी धरून बसले होते. पण माझा कान फोनला होता आणि तुझा रिलेला. टक्क झालं नाही हे तुला तिथे पडल्या पडल्या कळलं, मला टेबलाशेजारी उभं राहून कळलं नाही. मी दुकानात असते तर एवढं सोडलं नसतं, हे तू ओळखलंस. शिव्या देण्याचा तुझा हक्क होता. शिव्या न देता तू रोज तेच विचारत राहिलास. रोज मला दार उघडून देत होतास, आणि मी रोज ते तुझ्या तोंडावर लावत होते, वर "केली ना" म्हणून ओरडतही होते. मला फार लाज वाटते, दादा. तू मला माफ केलं असशील, हे ठाऊक आहे म्हणून जास्तच वाटते. आणि या लाजेतही मला वहिनींचं बोलणं आठवून बरं वाटतं, की रोज सहा वाजता कोणीतरी माझ्या फोनसाठी कुशीवर वळत होतं. इतकी वाट माझी कोणी बघितली नाही.

मी वायर खोचली, वरून डाग दिला. मग तुझ्या घरी फोन लावला. सुधाकरमामांनी उचलला.

"मामा, परवा तुम्ही माझ्याबद्दल बोललात ते खरं नाही. दुकान मी कधीच बंद केलं. दादांशी मी खोटं बोलत होते."

ते मग म्हणाले, "आसं कसं ताई, मी तर सगळ्या लोकांत..." मी म्हणाले, तुम्ही लोकांना सांगा, नाहीतर मी सांगेन. त्यांनी फोन वहिनींकडे दिला.

वहिनींनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "टेबलाशी आहात का? मग लावा एकदा. त्यांना ऐकवायचात तसं."

मी फोन टेबलावर ठेवला, नॉब थंडीकडे नेला आणि स्विच दिला. टक्क. मग इंजेक्टर.

"हा पहिला टक्क कसला?" वहिनींनी विचारलं. "एवढे दिवस मीच फोन धरायचे, हा कधी नाही ऐकला."